मी म्हणालोच नव्हतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. मित्रांच्या बैठकीत बसणंही सोडून दिलं, कारण दोन पेग पोटात गेले की माणूस काय बोलून बसेल याचा नेम नसतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखत असता तर सांगितलं नसतं. एवढी हिंमत माझ्यात नाही — हे आधीच कळलेलं बरं.

पनवेलजवळ विचुंब्याला आमचं घर. वडील मिठागरावर राबले, चुलते रेतीच्या होड्यांवर. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. बी.कॉम., सेकंड क्लास. पदवीचा कागद वडिलांनी फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावला, आणि पाहुणे आले की आधी मला बोलावून तो दाखवायचे, मग चहा यायचा. मला त्याची लाज वाटत नव्हती. आजही वाटत नाही. जे मिळवलं ते मिळवलं. न्हावा शेव्याच्या बंदरावर कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत मी कामाला आहे. दिवसभर कागद वाचायचे. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर माल चार दिवस धक्क्यावर पडून राहतो, म्हणून आकडे तपासायची सवय डोळ्यांना लागलेली.

आळीत कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. जमिनीची नोटीस, विम्याचं पत्र, शाळेचा फॉर्म — आणि रक्ताचे रिपोर्ट. बी.कॉम. झालेल्या माणसाला रक्तातलं काय कळतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. खरं सांगू? मलाही पडला नाही. एकदा थोरल्या काकांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनपुढचा आकडा शेजारच्या मर्यादेपेक्षा तिप्पट दिसला. तिप्पट म्हणजे जास्त, एवढंच मला कळलं. ते पाचवीच्या पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं, किडनीच्या डॉक्टरकडे न्या. नेलं, आणि काका वाचले. तेव्हापासून शेजारची यमीआत्या मला रस्त्यात थांबवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या आळीत येकच डाक्टर, त्यो बी बिनसुईचा!" लोक हसायचे. मीही हसायचो. पण आतून छाती फुगायची — का नाही फुगणार?

त्यानंतर मी कुणाच्याही रिपोर्टला "हे मला कळत नाही" असं म्हटलं नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं इथून निघालं.

पावसाळा सरत आला की आमच्याकडे डेंग्यू येतो. अर्धवट बांधलेल्या इमारतींची तळघरं, उघड्या टाक्या, बाल्कनीतले ड्रम — डासांना काय कमी? त्या दिवसांत विचुंब्यापासून सुकापूरपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो, प्लेटलेट. तुझ्या किती? माझ्या ऐंशी हजार. पपईच्या पानांचा रस दे, किवी दे. लाखाच्या वर म्हणजे पास, लाखाच्या खाली म्हणजे नापास. बाकी रिपोर्टवर वीस ओळी असतात, पण त्या कुणी बघत नाही. मीही बघत नसे. बघून कळणार तरी काय होतं?

तर — तनू. माझ्या चुलतभावाची, किरणदादाची मुलगी. सहा वर्षांची होती. आमच्या घरांची भिंत एक, त्यामुळे ती अर्धा दिवस आमच्याकडेच. माझे बूट घालून अंगणात फटाक् फटाक् चालायची आणि म्हणायची, "मी ऑफिसला चालले, आज उशीर होईल." हे सगळं होऊन आता आठ वर्षं झाली.

तिला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टर मॅडमनी रोज रक्त तपासायला सांगितलं. दादा ट्रेलर चालवतो. तेव्हा तो पोर्टच्या रांगेत अडकलेला, दीड दिवस घरी नव्हता. म्हणून लॅबच्या फॉर्मवर वहिनीने माझा मोबाइल नंबर घातला. "भावजी वाचून तरी दावतील," असं ती लॅबवाल्याला म्हणाली होती. हे तिनेच मला हसत सांगितलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. शनिवार होता, मी घरी होतो. दुपारी दोनच्या सुमारास रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. वहिनी तनूला कडेवर घेऊन आमच्या ओटीवर आली. काकी — म्हणजे वहिनीची सासू — एका कार्याला सुकापूरला गेलेली. ओटीवर आम्ही तिघंच. मी आधी प्लेटलेट बघितल्या. आदल्या दिवशी एक लाख दहा हजार, आज एक लाख चार. लाखाच्या वर. मी म्हटलं, "पास!" तनूने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. "पोट दुखतंय काका," म्हणाली. चार दिवस नीट जेवली नव्हती, भुकेने दुखत असेल असं मला वाटलं.

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे होते. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "भावजी, ह्या दोन ओळी जाड अक्षरात का हायेत? कालच्याला नव्हत्या."

बरोबर होतं तिचं. हिमोग्लोबिन आदल्या दिवशी साडेअकरा होतं, आज साडेचौदा. त्याच्याखाली पीसीव्ही म्हणून काहीतरी — चौतीसवरून त्रेचाळीस. शेजारी इंग्रजी एच, म्हणजे हाय. मला पीसीव्ही म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. हिमोग्लोबिन ठाऊक होतं — म्हणजे एवढंच, की आमच्या बायकांचं ते नेहमी कमी असतं आणि ते वाढावं म्हणून गोळ्या देतात. मग वाढलं तर चांगलंच की नाही?

मी म्हटलं, "रक्त वाढलंय पोरीचं. चांगली खूण आहे."

"डॉक्टर बोल्लेल्या, ताप उतरला तरी रिपोर्ट घेऊन या. रिक्षा बोलावू का?"

डॉक्टरांच्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं. मी वाचलं होतं. तरी मी काय म्हणालो, ते शब्द जसेच्या तसे लिहितो: "कशाला पोरीला उन्हातून फिरवतेस? मी बघितलाय ना रिपोर्ट? आंबट वरण-भात दे, झोपव. सोमवारी बघू."

वहिनीने परत एकदा त्या ओळींकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी बोल्ले म्हंजे झालं." आणि गेली.

तुम्ही म्हणाल, ही चूक झाली, अज्ञान होतं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण अज्ञान कशाचं? पीसीव्हीचं अज्ञान होतं, ठीक. पण मला ते कळत नाही हे तर मला पक्कं कळत होतं! "मला नाही माहीत, रिक्षा बोलाव" — एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. गिळलं.

आणि तरीही — ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते अजून पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनूचे हातपाय बर्फासारखे पडले. दोनदा उलटी झाली, हाक मारली तर नुसती हुं करायची. पनवेलला दवाखान्यात नेलं. तिला आत घेतलं, नळ्या लावल्या. दादा परस्पर पोर्टवरून आला, अंगावर कामाचं जाकीट तसंच. दुपारी डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. कुणावर ओरडल्या नाहीत. मी शिकलेला दिसलो म्हणून असेल, माझ्याकडे बघूनच बोलल्या. डेंग्यूत ताप उतरतो नेमक्या त्याच वेळी काही मुलांच्या नसांमधून पाणी बाहेर पाझरायला लागतं. वरून मूल बरं वाटतं. पण रक्तात दिसतं — पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, आणि हिमोग्लोबिन, पीसीव्ही वर चढतात. प्लेटलेट एकट्या बघून काही कळत नाही. काल दुपारी आली असती तर सलाइन सुरू करता आलं असतं.

आमटी आटली की घट्ट होते. म्हणून आमटी वाढली, असं कुणी म्हणतं का? मी म्हटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "काल रिपोर्ट आला तेव्हा आणलं का नाही? मी लिहून दिलं होतं."

काकीच आधी बोलली. बाकड्यावर बसलेल्या वहिनीकडे हात करून म्हणाली, "हिला इचारा! ताप उतरला म्हनून बसली घरात. आमी घरात नसलो की हिला कुनाचा धाक नाय." वहिनी खाली बघत होती. दादा माझ्याकडे वळला. "पक्या, रिपोर्ट तुझ्या मोबाइलवर आलेला ना?"

मला अजून त्या बाकड्याचा निळा रंग दिसतो. डॉक्टर उभ्या होत्या, दादा उभा होता, काकी उभी होती, आणि मी — घराण्यातला पहिला पदवीधर.

मी म्हटलं, "हो. आला तसा वहिनीला लगेच सांगितलं होतं मी, डॉक्टरना दाखवून ये म्हणून."

विचार करून बोललो का? नाही. पण अडखळलोही नाही. इतकं साफ, इतकं सरळ निघालं ते वाक्य, जसं खरंच बोललो होतो. वहिनीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले — आणि तेवढ्यात आतून नर्सने विचारलं, "आई कोण?" ती उठून आत गेली.

सोमवारी दुपारी तनू गेली.

इथे थांबावंसं वाटतं. भीतीने माणूस खोटं बोलतो, एकदा बोलतो, लोक समजून घेतात. पण मला आणखी एक संधी मिळाली होती. ती मला हातात आणून दिली होती.

वीसेक दिवसांनी वहिनी आमच्या मागच्या दाराला आली. आई शेतावर गेलेली, मी जेवून ताट ठेवत होतो. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. अंगाची काडी झालेली. म्हणाली, "भावजी, एक इचारू? रागावू नका."

"विचार ना."

"तुमी त्या दिवशी खरंच बोल्लेला का, डॉक्टरला दाव म्हणून? मी लय आठवते. मना तर आठवतं तुमी बोल्ले रक्त वाढलंय, आंबट वरण दे. पण घरात सगले बोलतात तुमी सांगितलेलं. आता मना कलत नाय, मना आठवतं ते खरं का खोटं."

ती भांडायला आली नव्हती. नीट ऐका — ती जाब विचारायला आली नव्हती. स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे विचारायला आली होती. आणि जगात एकच माणूस तिला ते सांगू शकत होता.

मी म्हटलं, "बोललो होतो वहिनी. तुझ्या लक्षात नाही राहिलं. चार रात्री झोप नव्हती तुला, होतं असं माणसाचं." वर आवाजात माया होती. मायेने बोललो मी ते!

ती म्हणाली, "असंल. मग माझंच चुकलं." पदराने तोंड पुसलं आणि गेली.

हा माझा अपराध. रिपोर्ट नव्हे, दवाखान्यातलं वाक्यही नव्हे. हा.

त्यानंतर काय झालं तेही सांगतो, कारण तेही माझंच आहे. आळीत माझं वजन वाढलं. "पक्या बोल्लेला, पन हिनं ऐकला नाय" — हे काकी प्रत्येक कार्यात, प्रत्येक ओटीवर सांगत फिरली. लोक आणखी रिपोर्ट आणू लागले. मी आता खरंच शिकलो होतो. दादाला कळू न देता, आईला कळू न देता वाचत बसायचो — पीसीव्ही किती टक्के चढला की धोका, यकृताचे आकडे काय सांगतात, फेरिटिन काय सांगतं, कुठलं मूल गंभीर होणार हे आधी ओळखण्यासाठी रक्तात आणखी कुठल्या खुणा शोधतायत. आज मी तुम्हाला पोरांच्या डेंग्यूचा रिपोर्ट नीट वाचून दाखवेन. दोन-तीन पोरं मी वेळेवर दवाखान्यात पाठवलीही. त्यांच्या आया माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं.

आणि वहिनी? बारशाला गेली तर बाळ तिच्या हातात कुणी देईना. तोंडावर कुणी काही बोलत नाही, बाळ नुसतं दुसऱ्या हातात जातं. दादाने तिला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण तीन वर्षांनी मुलगा झाला, विहान, तेव्हापासून त्याच्या औषधाच्या बाटल्या काकीच्या कपाटात. "हिच्या ध्यानात राहत नाय," दादा सहज सांगतो, जसं कुणाची उंची कमी आहे असं सांगावं. वहिनीही मान हलवते. तिला ते पटलेलं आहे.

तिने वही केली. शंभर पानी, शाळेची. मला वाटलं हिशेबाची असेल. नाही. कोण काय म्हणालं ते ती लिहून ठेवते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, उद्या रंगाची पेटी आणा. गॅस बंद केला, अकरा वाजता. सासूबाई बोलल्या, गोळी जेवणानंतर. एकेक ओळ, समोर वेळ. पहिली वही भरली तशी दुसरी घेतली. ज्या बाईला एका दिवसापूर्वीचा रिपोर्ट आठवत होता, कुठल्या ओळी काल जाड नव्हत्या हे जिने मला दाखवलं — ती बाई गॅस बंद केल्याचं लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात विहानला ताप आला. रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर आला. लॅबकडे नंबर तोच, तिने बदलला नव्हता. मंगळवारी सकाळी, मी कामाला निघत होतो. ती पोराचा हात धरून आली. काखेत वही.

मी रिपोर्ट नीट वाचला. प्लेटलेट, पीसीव्ही, सगळ्या ओळी. धोक्याचं काही नव्हतं. साधा ताप असावा. तरी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरना दाखवून ये, वहिनी."

तिने तिथेच पायरीवर बसून वही उघडली आणि लिहिलं. अक्षर सावकाश, गोल. *पकाश भावजी बोल्ले, आत्ताच डॉक्टरला दाखव. सव्वानऊ.* मग वही माझ्यापुढे केली, पेन दिलं.

"हितं सही करा ना भावजी. परत माझ्याकडून इसरायला नको."

मी सही केली. मला लांब सही करायची सवय आहे, नावाखाली रेघ ओढतो. ती रेघ तिने नीट बघितली, फुंकर मारून शाई वाळवली, आणि वही मिटली.

विहान माझे बूट बघत होता.

"तुमी तवाही बोल्लेला," ती म्हणाली. "मीच इसरले."

मी "हो" म्हणालो. आणि बस चुकेल म्हणून निघालो.